पंधरा की पाच? पायथनच्या स्थलांतराची बारा वर्षे

१/
‘मराठी’ हा शब्द किती अक्षरांचा? आपण सहज म्हणू, तीन. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला विचारले, तर बहुधा उत्तर येई : पंधरा. तिसरी आवृत्ती सांगते, पाच. या पंधरा आणि पाचमधल्या अंतरापायी जगभरच्या स्वयंसेवकांची जवळपास बारा वर्षे खर्ची पडली. #थ्रेड

२/
पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हास तीन बाइट लागतात. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा. इंग्रजीत एका अक्षरास एकच बाइट पुरत असल्याने हा घोळ वर्षानुवर्षे झाकलेला राही. एखाद्या देवनागरी नावाशी गाठ पडली, की चालता प्रोग्राम कोसळे.

(पाच हे उत्तरही आपल्या कानाला पटत नाही, हे खरेच. पण ते निदान चिन्हांचे मोजमाप आहे.)

३/
३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध झाली. भाषेचा जनक गिडो व्हान रॉसम आणि सहकाऱ्यांनी मजकूर व बाइट यांची कायमची फारकत केली, आणि जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालणार नाहीत हे जाणूनबुजून पत्करले. रूपांतरासाठी ‘टू-टू-थ्री’ हे साधन दिले होते. ते व्याकरण बदलून देई. मात्र अमुक ओळीतली माळ मजकूर आहे की बाइट, हे तो कोड वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागे.

४/
मग कोंडी झाली. ग्रंथालये, म्हणजे इतरांनी वापरायचे तयार कोड, हलल्याशिवाय त्यांवर उभे प्रोग्राम हलेनात. आणि वापरणारे जुन्यावरच असल्याने ग्रंथालयांना घाई नव्हती. नमपाय २०१० मध्ये हलले, जँगोने २०१३ मध्ये प्रायोगिक पाऊल टाकले. दोन्ही आवृत्त्यांत चालणारा कोड लिहिण्यासाठी ‘सिक्स’ नावाचे साधन आले (दोन त्रिक सहा!). २०१२ च्या ३.३ आवृत्तीत भाषेनेही एक पाऊल मागे घेतले : मजकुरापूर्वीचे, काढून टाकलेले ‘यू’ हे जुने चिन्ह पुन्हा चालू लागले. माझ्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. जुन्या आवृत्तीची अखेर २०१५ ला ठरली होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत लांबवण्यात आली.

५/
कॅलिबर हे ई-पुस्तके सांभाळणारे सॉफ्टवेअर अनेकांच्या संगणकावर असेल. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये ते सुरू केले. २०१७ मध्ये ‘हे पायथन ३ वर न्या’ अशी मागणी आली, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली : गरज पडल्यास पायथन २ मीच सांभाळीन, त्यात कष्ट कमी आहेत.

या उत्तराची पुष्कळ थट्टा झाली. ती मला अन्यायाची वाटते. सुमारे पाच लाख ओळींचा कोड, मुख्य भार एकाच माणसावर, आणि एवढे करून वाचकाला पडद्यावर काहीच नवे दिसणार नव्हते.

६/
तरीही काम झाले, कारण बाहेरचे लोक आपणहून आले. प्रामुख्याने दोघा स्वयंसेवकांनी तुकड्यातुकड्याने बदल पाठवले आणि गोयल ते स्वीकारत गेले. पुढे तेही या कामात उतरले. मधल्या काळात तोच कोड दोन्ही आवृत्त्यांत चालता ठेवणे भाग होते. त्यासाठी कोडात एक खास कप्पा केला गेला, नाव ‘पॉलिग्लॉट’, म्हणजे बहुभाषी.

७/
एप्रिल २०२० मध्ये पायथन २ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिबर ५.० आले, पूर्णतः पायथन ३ वर. प्रसिद्धीच्या टिपणात त्या दोघांचे नाव घेऊन, त्यांच्याविना हे शक्य नव्हते, असे नोंदवले आहे. सोबत एक सूचनाही होती : इतरांनी लिहिलेली काही प्लगिन अजून हललेली नाहीत, ती या आवृत्तीत चालणार नाहीत.