कराची–मुंबई : अंतर तेच, वेळ वेगळा

उलव्यात राहायला लागलं की आकाशाकडे लक्ष जातंच. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि मला अंतर-वेळेची गणितं मांडायचा नाद लागला. मुंबई–दिल्ली सरळ रेषेत साधारण 1,140 किमी, वेळ दोन-सव्वादोन तास. अंतर कळलं की वेळ कळला, सोप्पं! पण एका जोडीला हे सूत्र लागू पडत नाही. मुंबई–कराची. सरळ अंतर साधारण 870 किमी, म्हणजे दिल्लीपेक्षा जवळच.

आता जरा मागे जाऊ. तेव्हा लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत विमानाने यायचं. ते पुढे विमानानेच न्यायचं जे.आर.डी. टाटांनी ठरवलं. 15 ऑक्टोबर 1932 ला सकाळी 6:35 ला ते 25 किलो टपाल घेऊन पस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकटे निघाले. वाटेत अहमदाबादला थांबले. तिथे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते! दुपारी 1:50 ला जुहूला उतरले. अहमदाबादच्या वळशासकट अंतर साधारण 1,035 किमी, वेळ सव्वासात तास. थांबा धरून ताशी सरासरी 143 किमी. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच.

यातली गंमत बघा. हा प्रवास एकाच प्रांतातला होता. 1847 पासून सिंध मुंबई इलाख्यात होता, तो 1936 ला वेगळा झाला. कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा, त्यामुळे मराठी माणसं तिकडे नोकरीला जायची. कराचीतली एन.जे.व्ही. शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते.

मग 1947. कराचीहून सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईला आली. त्यातल्या अनेकांचं पुढचं गाव म्हणजे उल्हासनगर, उलव्यापासून फार लांब नाही. एवढं होऊनही 15 ऑक्टोबर 1982 ला, पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली म्हणून, 78 वर्षांचे जे.आर.डी. लेपर्ड मॉथ विमान चालवत पुन्हा कराचीहून मुंबईला आले. मधे फाळणी आणि युद्धं झाली होती, तरी वाट उरली होती.

आजच्या जेटला 870 किमी म्हणजे फार तर पावणेदोन तास. पण थेट विमानच नाही. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. कराचीला जायचंच झालं तर आखाती देशातलं एखादं विमानतळ गाठून उलटं यावं लागतं. व्हिसाचा वेळ यात धरलेलाच नाही.

म्हणजे 94 वर्षांत विमानाचा वेग पाचपट वाढला, आणि प्रवास सव्वासात तासांपेक्षा लांबला. अंतर भागिले वेग हे सूत्र काही चुकलेलं नाही. फक्त मधे सरहद्द आली की त्यात काय घालायचं, हे कुठल्याच इंजिनिअरिंगच्या पुस्तकात दिलेलं नाही.