आजीने सोडलेला गूळ

माझ्या आजीने आयुष्याची शेवटची पन्नास वर्षे गूळ तोंडात घातला नाही. संक्रांतीला ती साऱ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवी, स्वतः मात्र नुसते तीळ खाई. खरे कारण मला कॉलेजात असताना वडिलांनी सांगितले. त्यांचा थोरला भाऊ १९३४ साली, अकरा वर्षांचा असताना गेला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी तेव्हा डॉक्टर नव्हता. पोराची तहान भागेना, रात्री चार-पाच वेळा उठावे लागे, भरपेट जेवूनही ते वाळत चालले. लघवीच्या जागी मुंग्यांची रांग लागे. दोन महिन्यांत सारे संपले. पोराला गुळाची आवड, आणि आजी लाडाने खडा हातावर ठेवी. ‘मीच गोड चारून घालवला त्याला,’ असे तिने मनाशी धरले ते कायमचे.

पुढे मी बेळगावात पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले. ज्याला आम्ही ‘अंतःस्रावी ग्रंथी’ म्हणत असू, त्याच धड्याला कन्नड माध्यमाच्या बाई ‘निर्नाळ ग्रंथी’ म्हणत. मराठी शब्द सांगतो की रस आत झरतो. कन्नड शब्द सांगतो की या ग्रंथीला नळी नाही. लाळेला, घामाला बाहेर पडायला नळी असते. जिला नळी नाही तिचा रस थेट रक्तात जातो. एकच गोष्ट दोन भाषांनी दोन बाजूंनी धरली आहे. काकाच्या मरणाचे कोडे या नळीपाशीच सुटणारे होते.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्र्याला मधुमेह झाला. लघवीत साखर उतरू लागली. चरकाने मुंग्यांची खूण पूर्वीच नोंदवली होती. तिचा उगम कोठे, ते आता दिसले. पण पोटातल्या एका पिंडाचा साऱ्या शरीरातल्या साखरेशी संबंध काय? अवयव एकमेकांना निरोप देतात ते मज्जातंतूंच्या मार्फतच, असे तेव्हा बहुतेक विद्वान मानत.

१६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी त्या समजुतीची परीक्षा घेतली. भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग त्यांनी दोन्ही टोकांना बांधला आणि त्याचे मज्जातंतू तोडले. उरल्या फक्त रक्तवाहिन्या. त्या भागात आम्ल सोडताच दूरच्या स्वादुपिंडातून पाचकरस पाझरू लागला. तार तुटलेली, तरी निरोप पोचला! मग त्यांनी आतड्याचे अस्तर आम्लात घोटून गाळले आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस आला. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘सीक्रेटिन’ म्हटले. अशा सर्वच निरोप्यांसाठी १९०५ साली स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. त्यामागच्या ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे. आपला ‘संप्रेरक’ त्याच्याशी किती जुळतो पाहा.

संप्रेरक म्हणजे गावभर फिरणारे पत्र. रक्त ते प्रत्येक दारात नेते. पण ज्या पेशीपाशी त्याच्या आकाराचे कुलूप असते तीच ते उघडून वाचते. म्हणूनच मेंदूखालची वाटाण्याएवढी पियुषिका गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावू शकते. थायरॉइडचा रस रक्तात पुरेसा झाला की तोच पियुषिकेला ‘आता पुरे’ असे कळवतो.

स्वादुपिंड मात्र दुहेरी संसार करते. पाचकरस नळीने आतड्यात धाडते आणि त्यातल्या बेटांसारख्या पेशीपुंजांतून इन्सुलिन बिननळीने रक्तात सोडते. इन्सुलिनच्या निरोपावर स्नायू साखर आत घेतात, यकृत ती साठवते. निरोपच आला नाही तर साखर रक्तात तुंबते, मूत्रपिंडे ती बाहेर टाकताना पाणीही ओढून नेतात, आणि शरीर भरल्या कोठारात उपाशी मरते. काकाची तहान आणि त्याचे वाळणे यापरते वेगळे नव्हते.

पिंड कुटून इन्सुलिन काढण्याचे जुने प्रयत्न फसत. पाचकरसच ते नष्ट करतो, तेव्हा नळी बांधून पाचकपेशी मरू द्याव्यात, असा बँटिंगचा विचार होता. (तशी गरज नव्हती, हे नंतर कळले.) १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत मॅक्लाउडच्या प्रयोगशाळेत तो आणि बेस्ट कामाला लागले. कॉलिपने अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला दिलेले पहिले इंजेक्शन फारसे साधले नाही. २३ तारखेच्या शुद्ध अर्काने मात्र मुलाची साखर उतरली. त्याला आणखी तेरा वर्षांचे आयुष्य लाभले. संशोधकांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले. म्हणजे माझा काका गेला तेव्हा औषध निघून बारा वर्षे झाली होती. आमच्या गावापर्यंत ते पोचले नव्हते, एवढेच.

मुलांना होणाऱ्या या मधुमेहात शरीराचेच संरक्षक चुकून त्या पेशीपुंजांवर उलटतात, हे १९७० नंतर उलगडत गेले. गुळाने तो होत नाही.

आजी १९८४ साली गेली. त्याआधी सहा वर्षे मी हा धडा फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. घरी येऊन तिच्याजवळ बसून ‘आजी, तुझ्या गुळानं नाही गं गेला तो,’ एवढे एक वाक्य मला सुचले नाही. शाळेतले ज्ञान शाळेतच ठेवायचे असते, असे वाटत होते की काय कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या नातीला हाच मधुमेह निघाला. भेटायला आलेल्या बायकांत कुणीतरी म्हणाले, ‘कुंदा फार खायची ना!’ रात्री सून स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. ‘आई, माझंच चुकलं का हो?’

या वेळी मी धडा घरात घेतला. ओट्यावर पिठाने स्वादुपिंड काढले आणि आजीच्या गुळापासून सुरुवात केली.

संक्रांतीला नात स्वतः इन्सुलिनचा हिशेब करते आणि तिळगूळ खाते. तिच्या हातून घेतलेला पहिला खडा मी आजीच्या नावाने खाते.