मल्टिपल एक्स्पोजर म्हणजे काय? मोबाईलवर डबल एक्स्पोजर फोटो कसा बनवायचा?

माणसाच्या चेहऱ्याच्या आकारात झाडाच्या फांद्या दिसतात, असे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतीलच. याला डबल एक्स्पोजर म्हणतात. दोनपेक्षा जास्त फोटो असतील तर मल्टिपल एक्स्पोजर.

रोलच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे न सरकवता पुन्हा शटर दाबलं की दोन्ही फोटो एकाच फ्रेमवर उमटायचे. बऱ्याचदा हे चुकून व्हायचं आणि रोल धुऊन आल्यावरच कळायचं! मुद्दाम करणारे मात्र हिशोब करायचे. दोन फोटोंचा प्रकाश एकाच जागी पडणार, म्हणून प्रत्येकाला निम्माच प्रकाश द्यायचा. चार फोटो असतील तर पाव.

यातली खरी मेख अशी, की फ्रेमचा काळा भाग म्हणजे रिकामी जागा. दुसरा फोटो तिथेच नीट दिसतो. पांढरा भाग आधीच भरलेला असतो, त्यात काहीच उमटत नाही. बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो. दोन्ही फोटो रंगीत, गजबजलेले घेतले की नुसती खिचडी होते.

म्हणून पहिला फोटो असा काढा: मित्राला उजळ आकाशासमोर बाजूने उभं करा, स्क्रीनवर आकाशाला टॅप करा आणि ब्राइटनेस जरा कमी करा. चेहरा काळाकुट्ट दिसला पाहिजे. दुसरा फोटो पानांचा, गवताचा किंवा भिंतीच्या पोपड्यांचा चालेल.

आता स्नॅपसीड ॲपमध्ये पहिला फोटो उघडा. टूल्समध्ये जाऊन 'डबल एक्स्पोजर' निवडा आणि दुसरा फोटो जोडा. मोड 'लायटन' ठेवा. या मोडमध्ये प्रत्येक ठिकाणी दोघांपैकी जो भाग जास्त उजळ असेल तो दिसतो. त्यामुळे आकाश तसंच राहतं आणि पानं फक्त चेहऱ्यात भरतात. ओपॅसिटी हळूहळू सरकवून बघा, थेट टोकाला नेऊ नका.

एक सांगायलाच हवं. अमेरिकेत 1860च्या दशकात विल्यम मम्लर नावाचा फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या मागे मेलेल्या नातेवाइकाचा 'आत्मा' दिसणारे फोटो विकायचा. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. ही डबल एक्स्पोजरसारखीच करामत असल्याचा आरोप होता, पण पुराव्याअभावी तो सुटला. तेव्हा दिवंगत आजोबांचा फोटो घरच्या फोटोत मिसळून फॅमिली ग्रुपवर टाकणार असाल, तर तो एडिट केलेला आहे हे फोटोवरच लिहा. फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळून पडू शकतो.

हे जमलं की चंद्र करून बघा. रात्रीच्या गच्चीचा एक फोटो आणि झूम करून काढलेला चंद्राचा दुसरा, मोड तोच 'लायटन'. चंद्राभोवतीचं आकाश काळं असल्यामुळे जोड सहसा दिसत नाही.