छातीवरचा बिल्ला, हातातला फॉर्म एफ

सारसोळ्याच्या जेट्टीवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं, की खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. पाठ फिरवून पाम बीच रस्ता ओलांडला की नेरूळ लागतं आणि तिथे थोड्याथोडक्या अंतरावर डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन वैद्यकीय महाविद्यालयं. या महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तळमजल्यावरच्या थंडगार, अर्धवट अंधाऱ्या खोल्यांमध्ये एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय वाचायला शिकणारे डॉक्टर असतात. एमबीबीएस झालेले आणि आता तीन वर्षं एमडी रेडिओ-डायग्नोसिस करणारे. हे ज्युनियर रेसिडेंट; जेआर वन, जेआर टू, जेआर थ्री अशी त्यांची उतरंड. शिकता शिकता नोकरी आणि नोकरी करता करता परीक्षा, असा हा प्रकार.

या तीन वर्षांच्या नोकरीला निरनिराळ्या घराण्यांतून पूर्वज लाभले आहेत. काही जर्मनीतल्या प्रयोगशाळेतले, काही अमेरिकेतल्या एका रुग्णालयातले, काही दिल्लीच्या न्यायालयातले आणि काही थेट मुंबईच्या स्त्री-चळवळीतले. रेसिडेंटच्या अंगावर आणि टेबलावर असणाऱ्या वस्तूंवरून त्यांचा माग काढता येतो.

पहिली वस्तू म्हणजे टीएलडी बॅज. छातीच्या उंचीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा प्लास्टिकचा लहानसा बिल्ला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या बसवलेल्या असतात. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम या मूलद्रव्याचा किंचित अंश मिसळून, ती पूड टेफ्लॉनमध्ये दाबून या चकत्या करतात. एका चकतीवर धातूचा पडदा, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. किरण लागले की त्यांची ऊर्जा चकतीत साठून राहते. तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. जितका प्रकाश, तितका डोस. हे तंत्र आपल्याकडे खाडीपलीकडच्या त्याच केंद्रात विकसित झालं. त्याआधी बिल्ल्यात फोटोफिल्मचा तुकडा असायचा आणि तो किती काळवंडला यावर हिशोब व्हायचा. कायद्याने भारतात किरणांत काम करणाऱ्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट डोस चालतो. पाच वर्षांत मिळून १०० आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

हा आकडा फुकट मिळालेला नाही. विल्हेल्म राँटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये क्ष-किरण सापडले. डिसेंबरमध्ये त्याने पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, बोटातल्या अंगठीसकट. पेटंट त्याने घेतलंच नाही, त्यामुळे काही महिन्यांत जगभर जो तो नळ्या विकत घेऊन हाडं बघू लागला. नळी नीट चालते का, हे पाहायला लोक स्वतःचाच हात किरणांपुढे धरायचे, दिवसातून अनेकदा. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे हात आधी भाजले, मग सडले, मग कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. १९३६ मध्ये हॅम्बर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात अशा बळींचं स्मारक उभारलं गेलं. त्यावर सुरुवातीलाच १६९ नावं होती आणि पुढे ती वाढत गेली. किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती १९२८ साली स्थापन झाली, तोवर पहिली पिढी हात गमावून बसली होती.

त्या पिढीला शिकवायला कुणी नव्हतं. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत १८९६ मध्येच जॉन मॅकिन्टायरने जगातला पहिला क्ष-किरण विभाग उघडला. हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीवरच्या १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत लष्करी डॉक्टर वॉल्टर बीव्हरने जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला हे यंत्र वापरलं. पहिल्या महायुद्धात मेरी क्यूरीने मोटारींवर यंत्रं बसवली आणि ती चालवायला सुमारे दीडशे स्त्रियांना शिकवून तयार केलं. पण हे सगळं यंत्र चालवण्याचं शिक्षण होतं. चित्र वाचून त्यावर मत देणारा डॉक्टर वेगळा लागतो, हे विद्यापीठांच्या गळी उतरायला वेळ लागला. केंब्रिजने १९२० च्या सुमारास त्याचा डिप्लोमा सुरू केला आणि पुढची वीसेक वर्षं हिंदुस्थानातल्याही डॉक्टरांसाठी तो मानाचा होता. इथे १९३१ मध्ये रेडिऑलॉजिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९३४ मध्ये मद्रासला कॅप्टन बर्नार्ड यांच्या नावाची संस्था उभी राहिली. मुंबईत १९१२ पासून असलेलं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स आणि मुंबई विद्यापीठ यांच्या डिप्लोमा-पदव्यांनी पुढे जे. जे., केईएम, नायर, सायन इथल्या पिढ्या घडवल्या.

जुने रेडिऑलॉजिस्ट आपल्या शिकाऊ दिवसांबद्दल बोलू लागले की डार्करूमपासून सुरुवात करतात. लाल दिव्यात फिल्म आधी डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग हायपोत बुडवायची. तातडीची केस असली की पाणी निथळत असतानाच ती फ्रेमसकट व्ह्यूबॉक्सवर लावायची आणि त्या ओल्या फिल्मवर तोंडी निदान द्यायचं. बेरियमची तपासणी त्याहून चमत्कारिक. पडद्यावरचं चित्र इतकं मंद असे, की डोळे अंधाराला सरावलेच पाहिजेत. म्हणून डॉक्टर तपासणीआधी वीस-तीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून वावरायचे. विभागाच्या बोळात भर दुपारी लाल चष्मा घालून फिरणारी माणसं दिसली की आज बेरियमचा वार, हे शिपायालाही कळायचं. इमेज इन्टेन्सिफायर आला आणि चष्मा गेला. डिजिटल आलं आणि डार्करूम गेली. कित्येक रुग्णालयांत त्या खोलीत आता सर्व्हर असतो.

ही झाली क्ष-किरणांकडची बाजू. रेसिडेन्सीची बाजू वेगळीकडून येते. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं. तिथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयाच्या आवारातच राहायला लावलं. दिवसरात्र रुग्णांजवळ राहायचं, वर्षावर्षाने जबाबदारी वाढत जाणार, आणि लग्नाचा विषय काढायचा नाही. आपल्याकडे ब्रिटिश वळणाची हाऊसपोस्ट आणि रजिस्ट्रारशिप होती. मुंबईतले ज्येष्ठ डॉक्टर अजूनही ‘मी केईएमला रजिस्ट्रार होतो तेव्हा’ अशीच सुरुवात करतात. राज्याराज्यांत नियम निराळे, मानधन निराळं, बाहेरच्याला दार बंद. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक जागा देशभराच्या गुणवत्तेवर खुल्या करायला लावल्या. त्या मागोमागच्या खटल्यांतून देशभर एकसारख्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीचा आग्रह पुढे आला. ५ जून १९९२ च्या केंद्र सरकारच्या पत्रात रेसिडेंटची सलग ड्युटी सर्वसाधारणपणे बारा तासांहून जास्त नसावी आणि आठवड्याला एक सुटी असावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

ही परंपरा नेरूळला कशी पोहोचली? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. आगरी-कोळ्यांचं सारसोळे त्यांतलंच. ऐंशीच्या दशकात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. मुंबईलगत, आखलेल्या सेक्टरांत, संस्थांना भूखंड मिळत होते. १९८९ मध्ये डी. वाय. पाटील आणि १९९१ मध्ये तेरणाचं महाविद्यालय आलं. आज एक स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे, तर दुसरं १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न. म्हणजे एकाच उपनगरातले, एकाच चहाच्या टपरीवर उभे राहणारे दोन रेसिडेंट दोन वेगवेगळ्या विद्यापीठांचे पेपर लिहितात. दोघंही आले मात्र ‘नीट-पीजी’च्या एकाच चाळणीतून. रेडिऑलॉजी हा तिथे वरच्या क्रमांकांचा लाडका विषय, त्यामुळे शासकीय महाविद्यालयांतल्या जागा भराभर संपतात आणि अभिमत विद्यापीठांतली फी ऐकून पालकांना घाम फुटतो.

हा लाडकेपणा यंत्रांनी आणला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. ग्लासगोच्या इयान डोनाल्डने त्याच्या तेरा वर्षं आधी सोनोग्राफीवरचा निबंध प्रसिद्ध केला होता. भारतातला पहिला एमआरआय १९८६ मध्ये दिल्लीला ‘इन्मास’ या संस्थेत बसला. सावली वाचणारा डॉक्टर आता छेद वाचू लागला. त्याबरोबर एक पिढीजात विद्याही गेली. बेरियम, आयव्हीपी या तपासण्यांत रेडिऑलॉजिस्ट रुग्णाला हात लावायचा, कुशीवर वळवायचा, श्वास धरायला सांगायचा. रेसिडेंटचा बराच दिवस आता मॉनिटरपुढे जातो. रुग्णाशी खरी गाठ पडते ती सोनोग्राफीच्या खोलीत.

आणि तिथेच दुसरी वस्तू भेटते, फॉर्म एफ. गर्भवती स्त्रीच्या पोटावर प्रोब ठेवण्याआधी हा फॉर्म भरायचा. तिचं नाव, वय, पत्ता, पतीचं किंवा वडिलांचं नाव, आधीची मुलं किती, त्यांत मुली किती, पाठवलं कुणी, तपासणीचं कारण काय. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं तिचं प्रतिज्ञापत्र. लिंग पाहिलंही नाही आणि सांगितलंही नाही, असं डॉक्टरचं. भिंतीवर पाटी. ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असताना एकेक रकाना भरताना नवा रेसिडेंट वैतागतो. खाडाखोड झाली, सही राहिली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. अशा त्रुटी निव्वळ कारकुनी चुका मानाव्यात ही डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली.

या फॉर्मचं जन्मस्थान मुंबई आहे. १९८६ च्या सुमारास संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतले ४२ जण गर्भजल तपासून लिंगनिदान करत होते. स्त्री-संघटना, डॉक्टर, विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते यांनी मिळून लिंगनिदानविरोधी मंच उभारला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोही कागदावरच राहिला, म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मग २००३ मध्ये दुरुस्ती होऊन कायदा कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. फॉर्म एफचे रकाने जाचक आहेतच, पण ते या न जन्मलेल्या मुलींनी भरायला लावले आहेत, हे विभागप्रमुखाने पहिल्याच दिवशी सांगावं.

आता प्रत्यक्ष शिकणं. त्याची रीत ओल्या फिल्मपासून आजवर फारशी बदललेली नाही. रिपोर्टिंग रूममध्ये ज्युनियर मसुदा लिहितो, सिनियर शेजारी बसून तो वाचतो. ‘कॉस्टोफ्रेनिक अँगल क्लिअर’ असं लिहिलेलं दिसलं की सिनियर विचारतो, “पाहिलास, की सवयीने लिहिलंस?” पुन्हा चित्र उघडतं. बरगड्या वरून खाली मोजायच्या, हृदयामागची जागा बघायची, खांद्याची हाडं सोडायची नाहीत. डोळा जिथे आपसूक जात नाही तिथे त्याला न्यायची ही शिस्त. परीक्षेतले स्पॉटर आणि लाँग केस याच शिस्तीची चाचणी घेतात. २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं झालं आहे. तिथे दिवसाचे ढीगभर एक्स-रे आणि शेजारी सिनियर नाही, तेव्हा कळतं आपण किती शिकलो. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शक्यता दाखवणारी संगणक प्रणालीही आता आली आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रणालींना संमती दिली. त्यामुळे ज्युनियरच्या मसुद्याच्या आधी यंत्राचा मसुदा टेबलावर असेल. शेजारचा सिनियर मात्र लागणारच.

रेसिडेंटच्या दिवसातला जवळपास प्रत्येक नियम कुणीतरी इजा सोसल्यावर लिहिला गेला. बिल्ल्यामागे कापलेले हात आहेत, फॉर्ममागे हरवलेल्या मुली. ड्युटीच्या तासांचा नियम तेवढा राहून गेला. १९९२ च्या पत्रात निदान बारा हा आकडा होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, एवढंच म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक विभाग आपल्या सोयीने ठरवतो. निवासी डॉक्टरांच्या मार्ड संघटनेने यावरून संप केले, निवेदनं दिली. किरणांची मर्यादा आपण दर तिमाहीला आकड्यात मोजतो आणि ती ओलांडली तर चौकशी लावतो. रात्रभर जागून पहाटे चारला अपघातातल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी वाचणाऱ्या डॉक्टरच्या थकव्याला तशी मर्यादा नाही. ती आकड्यात लिहावी आणि मोजावी. तो आकडा लिहायला कुणाचा बळी जाण्याची वाट या वेळी तरी पाहू नये.