सुरंगीचा वळेसर

फेब्रुवारी सरत आला की पेडण्याच्या बसमध्ये पाऊल टाकताच वास येतो. डिझेल, घाम, कोणाच्या तरी पिशवीतले सुके बांगडे, आणि या सगळ्यांना पुरून उरलेली सुरंगी. पुढच्या बाकावरच्या एखाद्या आंबाड्यात सुरंगीच्या कळ्या ओवून केलेला वळेसर असतो, नाहीतर ड्रायव्हरने समोरच्या गणपतीच्या तसबिरीला घातलेला असतो. गोव्याचा उन्हाळी दागिना कोणता असे विचारले तर माझे उत्तर हेच. हरमलच्या रस्त्यावर हिरव्या खड्यांच्या माळा ‘जेड’ म्हणून टांगलेल्या दिसतात. त्यांतले कितीतरी खडे अव्हेंचुरीनचे असतात. ना ते जेड, ना ते पेडण्याचे. सुरंगी मात्र इथल्या मातीतली.

हे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे, उंडी आणि नागचाफा यांच्या कुळातले. गोवा, सिंधुदुर्ग, उत्तर आणि दक्षिण कन्नड हा त्याचा मुलूख. शास्त्रीय नाव ‘मॅमिया सुरिगा’. त्यातला ‘सुरिगा’ म्हणजे आपली सुरंगी किंवा सुरगीच. 1800-01 मध्ये म्हैसूर, मलबार, कानडा पालथा घालणारा स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस ब्यूकॅनन याचे नाव या शास्त्रीय नावाला चिकटले आहे. साहेबाने वहीत लिहून घेण्याआधी कित्येक पिढ्या बायका या कळ्या माळत होत्या, हे वेगळे सांगायला नको.

सुरंगीची फुले शेंड्याला नव्हे, जुन्या फांद्यांना लगडून येतात. कळी गोल, मण्यासारखी; पाकळ्या पांढुरक्या आणि आत पिवळ्याधमक केसरांचा झुबका. दागिना करायचा तर कळीच हवी. ऊन चढले की ती उमलते, पाकळ्या गळतात आणि वळेसराला काही उरत नाही. म्हणून भल्या पहाटे झाडावर चढायचे, फांदीवर पाय रोवून एकेक कळी खुडायची, आणि खाली बसलेल्या बायकांनी ती सुईदोऱ्यात ओवायची. फांद्या निसरड्या, झाड उंच. पडून हात मोडल्याच्या हकिकती गावोगाव ऐकू येतात. सकाळच्या बसने वळेसर पेडण्याच्या नाहीतर म्हापशाच्या बाजारात पोचतो. उरलेल्या कळ्या सुकवून विकतात. त्या काष्ठौषधींत तांबडा नागकेशर म्हणून जातात. पूर्वी रेशीम रंगवायलाही वापरत. मोगरा दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो, सुरंगी मात्र सुकली तरी वास सोडत नाही. ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घडीत जुना वळेसर ठेवायची रीत त्यातूनच आली.

दागिन्यांत फूल आधी की सोने आधी, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. मराठी दागिन्यांची नावेच पाहा: बकुळीहार, चाफेकळी, केतकी. गोव्यात शेटांनी, म्हणजे सोनारांनी, घडवलेले आंबाड्यावरचे दागिने तर सरळ ‘फूल’ म्हणूनच ओळखले जातात. बागेत जे रोज कोमेजत होते त्याची सोन्यात नक्कल झाली, ज्यांना परवडले त्यांनी ती घातली. बाकीच्या बायका मूळ प्रतीवरच राहिल्या, आणि घामाच्या दिवसांत त्यांचेच बरे चालले.

फुले माळण्या-वाटण्याला एकदा सरकारी विरोधही झाला होता. पोर्तुगीज गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, 1736 च्या फर्मानात ख्रिस्ती लग्नकार्यांतल्या ज्या देशी चालींना मनाई झाली, त्यांत विडा-सुपारीबरोबर फुले वाटणेही होते. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये त्यांच्या ताब्यात गेले, म्हणून हे महाल ‘नव्या काबिजादीं’त, म्हणजे नंतर मिळवलेल्या मुलखात, मोडतात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि इथल्या देवळांना व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण आले होते. इथल्या जत्रा आणि फुलांच्या फाती (गजरे) त्यामुळे खंड न पडता चालत राहिल्या. फर्मान मात्र जुन्या काबिजादींतही फुलांपुढे टिकले नाही. अबोलीची फाती तिथल्या ख्रिस्ती बायकाही हौसेने माळत आल्या.

डिचोलीत उन्हाळ्याचा मान मोगरीला. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड हातात रंगीत लोकरीच्या गोंड्यांचा वेत घेऊन, गळ्यात मोगरीच्या माळा घालून येतात आणि रात्री उशिरा होमखंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लोककथेत लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, आणि म्हापशाच्या इगर्जीतली (चर्चमधली) मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, ही त्यांच्यातलीच एक. शिरगावहून म्हापशाच्या इगर्जीला तेल जाते आणि म्हापशाहून शिरगावला मोगरीची फुले येतात. देऊळ आणि इगर्ज यांच्यातली ही देवघेव पाहिली की 1736 चे फर्मान काढणाऱ्यांना फुलांची ताकद ठाऊक होती, एवढे तरी कबूल करावे लागते.

सुरंगीचा वळेसर दुकानात मिळत नाही. तो स्टँडवर, बाजाराच्या तोंडाशी, टोपलीत ओल्या फडक्याखाली मिळतो, कारण तो विकणारी बाई बसने येते आणि माळणारीही बसनेच. 1980 मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले, पण त्याच्याही आधी खासगी ‘कारेर’ गाड्यांतून फुलांच्या टोपल्या अशाच येत होत्या. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जायचे, तिथून अस्नोड्यावरून डिचोलीची बस धरायची, ही उन्हाळ्यातली अगदी साधी सहल. गाडी घेऊन गेलात तर वळेसर काचेआड राहतो आणि शेजारचा प्रवासी त्याला मुकतो.

सुरंगीची रीतसर लागवड जवळजवळ कोणी करत नाही. झाडे कुळागराच्या कडेला, देवराईत, जुन्या परसांत उरली आहेत, आणि घर बांधताना सगळ्यांत आधी तीच आड येतात. परसात सुरंगी असेल तर ती तोडू नका. आणि स्टँडवरच्या बाईशी वळेसराच्या भावावरून घासाघीस तर अजिबात करू नका. त्या कळ्यांसाठी कोणीतरी पहाटे झाडावर चढलेले असते.