दहा कलमांचा करार

दबावगटाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक पेच हमखास पडतो. हिशेब त्या गटाच्या आयुष्याचा मांडायचा, की त्याच्या मागण्यांचा? एखादी संघटना पंधरा वर्षांत मोडकळीस आली, आणि तिने मागितलेल्या गोष्टी तीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात दिसू लागल्या, तर तिला यशस्वी म्हणायचे की अयशस्वी? अमेरिकेतील ‘ख्रिश्चन कोएलिशन’ या संघटनेविषयी वाचताना आम्ही दोघे या प्रश्नावर बराच काळ वाद घालत राहिलो. पुढील मजकूर हे त्या वादाचेच फलित आहे.

कथा घडते ती व्हर्जिनिया राज्यात. याच राज्याने १७८६ साली जेफरसनने रचलेला आणि मॅडिसनने विधिमंडळात तडीस नेलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्या कायद्याच्या बाजूने सर्वांत आग्रहाने उभे होते ते बाप्टिस्ट. साहजिकच होते. राजमान्य अँग्लिकन चर्चच्या अमदानीत परवान्याविना प्रवचन केले म्हणून त्यांचे उपदेशक तुरुंगात गेले होते. शासनाने धर्मापासून दूर राहावे, ही मागणी मुळात पाखंड्यांची नव्हे, तर या श्रद्धाळूंची. दोनशे वर्षांनी याच राज्यातील दोन बाप्टिस्ट धर्मोपदेशकांनी नेमक्या उलट दिशेने आंदोलन उभारावे, हा इतिहासाचा विनोद आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

त्यांपैकी पहिले लिंचबर्गचे जेरी फॉलवेल. त्यांनी १९७९ साली ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी रेगन निवडून आले आणि विजयाच्या श्रेयावर या संघटनेने हक्क सांगितला. कायद्याच्या पातळीवर मात्र पदरात फारसे काही पडले नाही. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारी दुरुस्ती १९८३ साली सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० मतांनी पडली. शाळांतील प्रार्थनेची दुरुस्ती १९८४ साली मतास आली, तेव्हा ५६ सदस्य बाजूने होते. हवे होते ६७. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना व बायबलवाचन बंद केले होते. ती जखम तशीच राहिली आणि १९८९ मध्ये मॉरल मेजॉरिटी विसर्जित झाली.

दुसरे पॅट रॉबर्टसन. दूरचित्रवाणीवरील धर्मप्रसाराचे मोठे साम्राज्य त्यांनी उभे केले होते. वडील व्हर्जिनियाचे सिनेटर, म्हणजे राजकारण घरचेच. १९८८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षात उतरले आणि आयोवा राज्यात थोरल्या बुश यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलून दुसरे आले. पुढे हरले, परंतु समर्थकांच्या नावापत्त्यांची यादी हाती राहिली. त्या यादीच्या पायावर १९८९ मध्ये ख्रिश्चन कोएलिशन उभी राहिली. तिचा कारभार सोपवला गेला अठ्ठावीस वर्षांच्या राल्फ रीड याच्याकडे. हा तरुण एमरी विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करत होता. (इतिहासाच्या पदवीचा काही व्यावहारिक उपयोग नाही असे म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.)

रीडने मॉरल मेजॉरिटीच्या पराभवांतून धडा घेतला. वॉशिंग्टनच्या दारात धरणे धरण्यापेक्षा शाळामंडळे, नगरपरिषदा आणि पक्षाच्या प्रभागसमित्या काबीज कराव्यात, असे त्याचे गणित होते. जिथे मतदान जेमतेम होते, तिथे शंभर निष्ठावान माणसे निकाल फिरवतात. आणि त्याचे मुख्य हत्यार होते एक साधे पत्रक. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ते हजारो चर्चमधून वाटले जाई. एका बाजूस एक उमेदवार, दुसऱ्या बाजूस दुसरा. मध्ये गर्भपात, करवाढ, शाळेतील प्रार्थना असे पाचसात विषय आणि प्रत्येकापुढे ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’. मत कोणाला द्यावे हे कुठेच लिहिलेले नसे. लिहिण्याची गरजही नसे.

ही सावधगिरी कायद्यापोटी होती. आपल्याकडे धर्माच्या नावाने मत मागणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरते. अमेरिकेत तसा थेट निर्बंध नाही. तिथे लगाम आहे तो कराचा. १९५४ पासून करमुक्त धर्मादाय संस्थेस, अर्थात चर्चलाही, उमेदवाराचा प्रचार करण्यास मनाई आहे. कोएलिशनचे पत्रक या रेषेवर तोल सांभाळत चालत असे. निवडणूक आयोगाने १९९६ मध्ये खटला भरला. १९९९ मध्ये न्यायालयाने बहुतांश मुद्द्यांवर संघटनेच्या बाजूने कौल दिला. पण त्याच वर्षी करखात्याने तिची करसवलतीची मागणी नाकारली. घाव बसला तो तिथे.

मधल्या काळात मात्र तिचे ग्रह उच्चीचे होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रथमच प्रतिनिधिगृह जिंकले. त्यांच्या ‘अमेरिकेशी करार’ या जाहीरनाम्यात धर्माचे आणि गर्भपाताचे विषय हेतुतः टाळलेले होते. कोएलिशनने तेव्हा मौन पाळले आणि १७ मे १९९५ रोजी आपले बिल सादर केले. सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या उपस्थितीत ‘अमेरिकी कुटुंबाशी करार’ प्रसिद्ध झाला. त्यात दहा कलमे होती.

या कलमांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. शाळेत प्रार्थना हवी असे तिथे म्हटलेले नाही. ‘धार्मिक समता’ राखणारी घटनादुरुस्ती मागितली आहे. बहुसंख्याकांची मागणी अन्यायग्रस्ताच्या शब्दांत मांडण्याचे हे कौशल्य. गर्भपात सहाव्या क्रमांकावर आहे, आणि तिथेही मागणी संपूर्ण बंदीची नाही. गर्भारपणाच्या उत्तरकाळातील गर्भपातावर मर्यादा आणि सरकारी पैसा बंद, एवढीच. बाकी कलमांत मुलांमागे पाचशे डॉलरची करसवलत, केंद्रीय शिक्षणखात्याचा पैसा पालक व स्थानिक मंडळांकडे वळवणे, अश्लीलतेवर नियंत्रण, कला आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या अनुदानाची समाप्ती, पीडितांना गुन्हेगारांकडून भरपाई, अशा मागण्या होत्या. कडव्या मंडळींना हा करार मवाळ वाटला. रीडला मात्र पक्के ठाऊक होते की भांडवल थोडे असेल तर हप्त्याने घ्यावे.

आम्ही सर्वाधिक थबकलो ते ‘शाळा निवडीच्या’ कलमापाशी. वरवर पाहता मागणी निरुपद्रवी आहे: पालकांना हव्या त्या शाळेसाठी, धार्मिक शाळेसाठीही, सरकारी पैसा मिळावा. पण व्हर्जिनियात या कल्पनेला एक पूर्वेतिहास आहे. १९५४ साली न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर तेथील प्रिन्स एडवर्ड कौंटीने १९५९ ते १९६४ पर्यंत आपल्या साऱ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोरी मुले अनुदानाच्या आधारे खासगी शाळेत गेली. काळी मुले घरी राहिली. त्या निकालाला विरोध करणाऱ्या १९५६ च्या दाक्षिणात्य जाहीरनाम्यावर रॉबर्टसन यांच्या वडिलांची सही आहे. या धार्मिक आंदोलनाचा उगम गर्भपाताच्या १९७३ च्या निकालात नसून, वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढून घेण्याच्या सरकारी हालचालींत आहे, असे प्रतिपादन इतिहासकार रँडल बाल्मर यांनी केले आहे. त्यास आधारही आहे. सदर्न बाप्टिस्ट अधिवेशनाने १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपातास मुभा देणारा कायदा व्हावा असाच ठराव केला होता.

तरीही पुत्राने पित्याचे पाप वाहावे, हा न्याय आम्हांला मान्य नाही. आमच्यातील एकाचे मत असे, की कल्पनेचे कूळ पाहिल्याविना तिची किंमत कळत नाही. दुसऱ्याने मिलवॉकीचे उदाहरण पुढे केले. तिथे १९९० मध्ये गरीब मुलांसाठी शाळा निवडीची योजना आली ती पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदार बाईंच्या पुढाकाराने. सरकारी शाळांना विटलेल्या काळ्या पालकांचा तिला पाठिंबा होता. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

कलमांचे पुढे काय झाले? मुलांमागची करसवलत १९९७ मध्ये कायद्यात आली. इंटरनेटवरील अश्लीलतेविरुद्धचा १९९६ चा कायदा पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पडला. उत्तरकाळातील गर्भपाताच्या एका पद्धतीवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर क्लिंटन यांनी १९९६ व १९९७ असा दोनदा नकाराधिकार वापरला. धार्मिक समतेची घटनादुरुस्ती जून १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहात मतास आली: २२४ विरुद्ध २०३. बहुमत मिळाले, पण दोनतृतीयांशाला ६१ मते कमी पडली. विरोधकांत ‘बाप्टिस्ट जॉइंट कमिटी’ अग्रभागी होती. म्हणजे १७८६ चे बाप्टिस्ट अजून संपले नव्हते.

रीड १९९७ मध्येच बाहेर पडला होता. रॉबर्टसन २००१ मध्ये पायउतार झाले. कर्ज वाढले, देणग्या आटल्या, राज्यशाखा फुटल्या. २००६ मध्ये अध्यक्षपदी निवड झालेले फ्लोरिडाचे पाद्री जोएल हंटर यांनी दारिद्र्य आणि पर्यावरण हे विषयही संघटनेने हाती घ्यावेत असे सुचवले. संचालकांना ते रुचले नाही. हंटर यांनी पद स्वीकारण्याआधीच ते सोडले. दहा कलमांच्या चौकटीत अकरावे कलम मावत नव्हते.

आणि तरीही कलमे चालत राहिली. गर्भपाताच्या त्या पद्धतीवरील बंदीवर धाकट्या बुश यांनी २००३ मध्ये सही केली. न्यायालयाने २००७ मध्ये ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्कच रद्द झाला. म्हणजे १९९५ मध्ये जे मागण्याचे धाडस रीडनेही केले नव्हते, तेही मिळाले. त्याच महिन्यात मेन राज्यातील धार्मिक शाळांना सरकारी शिक्षणशुल्काचा मार्ग न्यायालयाने मोकळा केला. रॉबर्टसन जून २०२३ मध्ये वारले. जुलै २०२५ मध्ये दोन कायद्यांवर ट्रम्प यांच्या सह्या झाल्या. एकाने खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या देणग्यांना केंद्रीय करसवलत दिली. दुसऱ्याने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे ११० कोटी डॉलरचे अनुदान परत घेतले. त्यांवरील चर्चांत आम्ही जे वाचले, त्यात ख्रिश्चन कोएलिशनचे नाव आम्हांला कुठे आढळले नाही.