स्ट्रेप्टोमायसिन आणि श्रवणहानी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले आणि क्षयरोगावर प्रथमच प्रभावी प्रतिजैविक उपलब्ध झाले. तथापि मेयो क्लिनिकमधील हिनशॉ व फेल्डमन यांच्या प्रारंभीच्या रुग्णांतच आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची हानी दिसून आली. १९४६ मध्ये तयार झालेल्या डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनने तोल कमी बिघडत असे. परंतु बहिरेपण अधिक येत असे. मानवी श्रवणेंद्रियातील रोमपेशी पुन्हा निर्माण होत नसल्याने ही हानी कायमची ठरते. काही कुटुंबांतील विशेष संवेदनशीलता मातेकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील जनुकीय बदलामुळे असते, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले.

बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या उपचारात याच गटातील कानामायसिन मात्र दीर्घकाळ टिकून राहिले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी बेडाक्विलिनसारख्या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांना प्राधान्य दिले. अमिकासिनचा वापर श्रवणचाचणीच्या देखरेखीपुरता मर्यादित केला.

सारांश, आंतरकर्णाचे संरक्षण प्रामुख्याने पर्यायी औषधे व नियमित श्रवणचाचणी यांतूनच साध्य झाले. रुग्णाचा जीव वाचविताना त्याचे श्रवण गमावले जाऊ नये, ही जबाबदारी औषधशास्त्राइतकीच या सोयी पुरविणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचीही ठरते.